झडीत उतरवलेलं छप्पर

कवेलू फेरायला, म्हणजे छपरावरची कौलं काढून नीट बसवायला, बोलावलेला माणूस आल्या आल्या शिडी मागेल, असं कुणालाही वाटेल. चंद्रभान मेश्राम शिडी मागत नसे. तो भर दुपारी बाराला यायचा, घरातली सगळी दारंखिडक्या लावून घ्यायला सांगायचा, फटींत पोती कोंबायचा आणि अंधारात जमिनीवर मांडी घालून बसायचा. नवख्या घरातली माणसं एकमेकांकडे पाहत, की हा कवेलू फेरायला आला आहे की जप करायला? पण पाचेक मिनिटांत डोळे अंधाराला सरावले की त्यांनाही ते दिसे. जमिनीवर, फळीवरच्या डब्यांवर, एखाद्या आजोबांच्या टकलावर उन्हाचे गोल ठिपके पडलेले असत. कुठे चवलीएवढा, कुठे मुगाच्या दाण्याएवढा. चंद्रभान खिशातून कोळसा काढायचा आणि जमिनीवरच्या प्रत्येक ठिपक्याभोवती गोल ओढायचा.

"हे पाहा जी," तो घरमालकाला सांगायचा, "आज जिथून ऊन येऊन राहिलं, आषाढात तिथूनच पाणी येते. ऊन आधी येऊन पत्ता सांगून जाते."

बाराचीच वेळ का, तर तेव्हा सूर्य डोक्यावर असतो आणि ठिपका भोकाच्या बरोबर खाली पडतो. मग शिडी, मग वर. संक्रांतीला पतंगांमागे धावणारी पोरं, वर्षभर मांजरं आणि अधूनमधून वानरं, एवढ्यांनी मिळून नागपूरच्या छपरांचं जे काही करून ठेवलेलं असे ते तो होळीपासून मृगापर्यंत निस्तरायचा. फुटकी कवेलू काढायची, सरकलेली बसवायची, सडलेल्या बांबूच्या कमच्या बदलायच्या, ओळी सरळ करायच्या. महाल, इतवारी, रामदासपेठ मिळून साठ-सत्तर घरं त्याची ठरलेली होती.

सगळ्याच घरांत त्याला आत बसू देत असं मात्र नाही. छप्पनच्या धम्मदीक्षेच्या आधी तर नाहीच, आणि दीक्षेनंतरही इतवारीत दोन-तीन घरं अशी होती, की चंद्रभानचे पाय त्यांच्या डोक्यावर चालत, जमिनीवर चालत नसत. तिथे तो अंगणातच उभा राहायचा आणि आतल्या बाईला सांगायचा, "माय, दारं लावा, अन जिथं जिथं ऊन पडलं तिथं ज्वारीचा एकेक दाणा ठेवा. मंग दाण्याच्या वरचं छप्पर काठीनं आतून ठोका." आतून ठोका आला की तो वरून तेवढं कवेलू उचलायचा. काम व्हायचं, मनासारखं व्हायचं नाही.

"आतून पाहिल्याबिगर घर समजत नाही," तो घरी येऊन म्हणायचा.

"तुमाले घर समजावं हेच तं त्याइले नको आहे," त्याची बायको वच्छला म्हणायची.

ही वच्छला त्याचा अर्धा धंदा होती. दीक्षेच्या दुसऱ्या साली त्यांचं लग्न झालं, आणि लग्नाच्या उन्हाळ्यापासून ती शिडीखाली उभी राहायला लागली. चंद्रभान वर बसून न पाहता हात मागे करायचा, आणि त्या हातात नेमकं हवं ते कवेलू यायचं. रुंद हवं तिथे रुंद, निमुळतं हवं तिथे निमुळतं. वरून त्याला जे दिसत नसे ते तिला खालून दिसे. "तिसरी ओळ पोटात गेली जी," ती ओरडायची. चंद्रभान कुरकुरायचा, आणि मग ओळ उसवून पुन्हा लावायचा. पावसाळ्यात अन हिवाळ्यात ती बिड्या वळायची. पाचपावलीतल्या त्यांच्या गल्लीत असं म्हणत, की कवेलू चंद्रभान फेरतो, पण छप्पर वच्छला लावते. चंद्रभानला हे आवडत नसे, कारण ते खरं होतं.

एकोणऐंशीच्या नवतपात, म्हणजे मृगाच्या आधीचे ते नऊ दिवस नागपूरची माणसं फक्त श्वास घेतात त्या दिवसांत, दोघं महालातल्या एका घरी होते. काम एका दिवसात उरकायचं होतं. थोडं थांबू या, असं वच्छला दोनदा म्हणाली. "एवढी ओळ होऊ दे," असं चंद्रभानही दोनदा म्हणाला. तिसऱ्यांदा ती काही म्हणाली नाही. त्याने हात मागे केला. हातात काही आलं नाही.

"दे वं," तो म्हणाला.

हात रिकामाच राहिला. मग त्याने वळून पाहिलं. वच्छला कवेलूंच्या ढिगावर आडवी पडली होती. त्या ढिगावर पाणी शिंपडलं तर चर्र वाजलं असतं, इतका तो तापलेला होता.

अकरा दिवस ती दवाखान्यात होती. जगली. पण बोलणं जड झालं, डावा पाय ओढत चालायला लागली, आणि ऊन तर सोडाच, उन्हाची झळ आली तरी तिचे डोळे फिरायचे. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, की हिला उन्हाळाभर थंडाव्यात ठेवा. दुसऱ्यांदा अशी उन्हाची लू लागली तर इकडे आणायची घाई करायचं कारण उरणार नाही. शब्द जरा सभ्य होते, अर्थ हाच होता.

त्या दिवसापासून चंद्रभानला वर्षाचे ऋतू दोनच उरले. वच्छलाचा उन्हाळा आणि बाकीचे.

तिला थंड ठेवायची म्हणजे कशात? घर दोन खोल्यांचं, चंद्रभानच्या बापाने स्वतः माती तुडवून बांधलेलं, दीड हात जाड मातीच्या भिंतींचं. वर कवेलूचं छप्पर, अख्ख्या पाचपावलीत सरस. पण मे महिन्यात छप्पर सरस असलं काय नि नसलं काय. पुढच्या होळीला तो रामदासपेठेत कृष्णकांत बाबूंकडे गेला. हे कोर्टातून निवृत्त झालेले, विधुर, तोंडाने तिखट गृहस्थ. त्यांनी नवा कूलर घेतला होता, आणि जुना मागच्या व्हरांड्यात पडला होता.

"पंप मेला आहे त्याचा, काढून ठेवला आहे," कृष्णकांत बाबू म्हणाले. "पंखा फिरतो. माझंही आता तसंच आहे. घेऊन जा. यंदाची कवेलूची मजुरी समज."

हातगाडीवर टाकून कूलर पाचपावलीत आला तेव्हा समोरचा रूपराव दारात उभा होता. हा गिरणीत कामाला, आणि पाळी नसेल तेव्हा गल्लीतल्या प्रत्येक कामावर देखरेख करायला.

"चंद्रभान, तुह्या घरी शिमला येऊन राहिली का गा?"

"शिमलाच समज. हात लाव."

खिडकी लहान होती, कूलर मोठा. चंद्रभानने खिडकीखालची भिंत हातभर फोडली आणि कूलर थेट मातीच्या भिंतीवर टेकवला, तोंड आत, पाठ बाहेर. आजूबाजूच्या फटींत ओली माती आणि पोत्याचे तुकडे ठासून भरले, गरम वाऱ्याचं एक बोटसुद्धा आत शिरू नये म्हणून. मग बाराला दार लावून अंधारात बसला. कूलरच्या चारी बाजूंनी उजेडाचा एक ठिपका नाही. काम पक्कं झालं होतं. इतकं पक्कं, की कूलर आणि भिंत वेगळी काढता आली नसती.

पंप नव्हता, म्हणून वाळ्याच्या ताट्यांवर पाणी हाताने सोडावं लागे. सकाळ-संध्याकाळ त्यांची मुलगी प्रेमिला, जी नर्सिंगचं शिकत होती, ती मगाने ताट्या भिजवायची. दुपारी समोरची अंजनाबाई, म्हणजे रूपरावची बायको, यायची. दिवसाला दहा-बारा बादल्या लागायच्या. त्यातलं काही वाळा प्यायचा, काही वाऱ्याबरोबर आत यायचं. उरलेलं कुठे जातं, हे कुणी विचारलं नाही. वाळ्याच्या वासाचा थंडगार वारा अंगावर येत असताना असले प्रश्न पडत नाहीत. चंद्रभानला तर नाहीच. त्याचं सगळं आयुष्य वरून येणाऱ्या पाण्याशी भांडण्यात गेलं होतं. आपण आपल्याच हाताने आडवं पाणी घरात घालतो आहोत, ही गोष्ट त्याच्या धंद्यातच बसत नव्हती.

वच्छलाची बाज खिडकीखाली, भिंतीला लागून होती. कूलरच्या वाऱ्यापेक्षाही तिला ती भिंत आवडायची. ती भिंतीला पाठ लावून निजायची.

"माठासारखी थंड झाली ही," ती अंजनाबाईला म्हणाली.

"माठ पाझरते वं," अंजनाबाई म्हणाली.

"तुह्याच डोक्यावर तं पाझरत नाही ना?"

पहिला उन्हाळा गेला. वच्छलाचे डोळे एकदाही फिरले नाहीत. दुसऱ्या उन्हाळ्यात, एक्याऐंशीच्या वैशाखात, भिंतीवर पिठासारखा पांढरा लोणा फुटला. एका दुपारी वच्छलाने भिंतीला सहज बोट लावलं, तर बोट पेरभर आत गेलं. तिने बोट काढलं, लुगड्याला पुसलं आणि बराच वेळ कूलरच्या पंख्याकडे पाहत राहिली.

दुसऱ्या दिवशी तिने प्रेमिलाला पांढऱ्या मातीचा पोतारा मारायला सांगितला.

"आता काहून? दिवाळी आहे का?"

"पांढरी भिंत दिसली की मले बरं वाटते."

आजारी माणसाला बरं वाटतं म्हटल्यावर पुढे कोण बोलणार? प्रेमिलाने पोतारा मारला. संध्याकाळी चंद्रभान आला, भिंत पाहून म्हणाला, "वा, खोली उजळली." मृगाच्या आदल्या दिवशी, सगळ्यांची घरं संपल्यावर, तो नेहमीप्रमाणे स्वतःच्या घरात बाराला दार लावून बसला. जमिनीवर एक ठिपका नव्हता. कोळसा खिशातच राहिला.

"आपलं घर पास," तो म्हणाला. वच्छलाने भिंतीला पाठ लावली आणि डोळे मिटले.

श्रावणात झड लागली. विदर्भातली झड म्हणजे कोसळणारा पाऊस नव्हे. तो कोसळून मोकळा तरी होतो. झड आली की मुक्कामालाच येते. दिवस-रात्र एका सुरात पडत राहते, कपडे वाळत नाहीत, चूल पेटत नाही, भिंती फक्त पीत राहतात. तिसऱ्या दिवशी चंद्रभान इतवारीतल्या एका गळक्या माळ्यावर ताडपत्री बांधून दुपारी घरी जेवायला आला. प्रेमिला घरीच होती. त्याने पहिला घास घेतला आणि थांबला. भिंतीच्या आत कुणीतरी ज्वारी चाळत असावं तसा बारीक आवाज येत होता.

त्याने सवयीने मान वर केली.

"वर नका पाहू," वच्छला बाजेवरून म्हणाली. जड जिभेने, पण स्पष्ट. "इकडे या. इथं हात लावा."

त्याने उष्टा हात तसाच भिंतीला लावला. अंगठा दाबला तर अंगठा गेला; चार बोटं दाबली तर चारही गेली. वरचा पांढरा पोतारा पापडासारखा मोडला, आणि आत भिंत नव्हतीच, नुसता चिखलाचा काला होता. चंद्रभानने हात बाहेर काढून पाहिला. एकाच हाताला भाकरही लागली होती आणि घरही.

"तुले कवापासून माहीत आहे?"

"उन्हाळ्यापासून."

"अन सांगितलं काहून नाही?"

"सांगितलं असतं तं तुम्ही कूलर काढला असता."

"नसता काढला."

"काढला असता जी. अन मंग रोज बाराला कोणाच्या तरी छपरावर बसून इकडे पाहत राहिले असते, मी आहे का गेली म्हणून." ती जरा थांबली, दम घेतला. "मले थंड लागत होतं. थोडं थंड मलेही पाहिजे होतं."

 आतली चाळण चालूच होती.

रूपराव-अंजनाबाईला हाक मारली. चौघांनी बाज वच्छलासकट उचलली आणि पावसातून समोर अंजनाबाईच्या ओसरीत नेऊन ठेवली. प्रेमिलाने भिंतीवरचे दोन फोटो आणि आपली पुस्तकं पदराखाली धरून नेली. एवढं झाल्यावर कोणताही शहाणा माणूस घराला हात जोडून बाजूला झाला असता. चंद्रभान आत गेला, लाकडाच्या दोन बल्ल्या छपराखाली टेकू म्हणून लावल्या, बाहेर आला आणि शिडी लावली.

"आता वर कायले जाऊन राहिला?" रूपराव ओरडला.

"कवेलू काढतो."

रूपराव गल्लीत नुसता पाहत राहिला. "पावसात लोकं छप्पर झाकतेत गा. तू उघडून राहिला?"

"भिंत तं गेलीच आहे. डोक्यावर ओझं घेऊन पडली तं मधलं आडं ओढून नेईन. आडं गेलं की बाकीच्या तिन्ही गेल्या. उघडी पडली तं एकटी पडन." आणि मग, शिडीच्या तिसऱ्या पायरीवरून, "बोलू नको, रांग लाव."

तीस वर्षं या माणसाने पावसाच्या आत छपरं झाकली होती. आज तो भर झडीत आपलं छप्पर आपल्या हाताने उघडायला निघाला होता. भिंतीचंच भय डोक्यात होतं म्हणून म्हणा, तो जिथे भिंत सगळ्यात मऊ होती तिथूनच, खालच्या कडेपासून कवेलू उपटायला लागला. दोन काढली तोच ओसरीतून हाक आली.

"वरून काढा जी! आड्यापासून! खालून काढसान तं वरच्या ओळी अंगावर येतीन."

हे चंद्रभानला ठाऊक नव्हतं असं नाही. ते त्याला बापाने दहाव्या वर्षी शिकवलं होतं. पण त्या घटकेला ते फक्त वच्छलाला आठवलं. तो ओल्या कवेलूंवरून पोटावर सरकत आड्यापर्यंत, छपराच्या माथ्यापर्यंत, गेला. पहिलं कवेलू काढलं, न पाहता हात मागे केला. शिडीवर प्रेमिला होती. तिने ते घेतलं, खाली रूपरावला दिलं, रूपरावने गल्लीतून जमलेल्या पुढच्या माणसाला, आणि ते अंजनाबाईच्या अंगणात जाऊन बसलं. एकेका ओळीने छप्पर खाली उतरत होतं. ओसरीतल्या बाजेवर वच्छला कुशीवर वळून सगळं पाहत होती.

"रुंद ते वेगळे ठेव वं," ती अंजनाबाईला सांगत होती. "मंग शोधत बसा लागते."

घरात पाऊस पडत होता. चुलीत, धान्याच्या कणगीत, बिडीच्या पानांच्या गठ्ठ्यावर, लग्नातल्या पेटीवर. वरून त्याला ते सगळं दिसत होतं. एरवी घर आतून पाहायला त्याला खाली बसावं लागे. आज वरूनच आतलं घर दिसत होतं, आणि त्यात काळोख नव्हता, ठिपके नव्हते. सगळाच उजेड होता.

पाचच्या सुमाराला त्या बाजूचं शेवटचं कवेलू उतरलं. चंद्रभान खाली येऊन ओसरीत बसला. अर्ध्या तासाने भिंत गेली. आवाजसुद्धा फार मोठा झाला नाही. भिजलेलं पोतं कुणी खांद्यावरून टाकावं तसा झाला. कूलरला पोटाशी घेऊन ती आत पडली, बाजेची जागा होती तिथेच. बल्ल्यांनी आडं धरून ठेवलं. बाकीच्या तीन भिंती उभ्या राहिल्या. अंजनाबाईच्या अंगणातल्या ढिगात एकही कवेलू फुटलेलं नव्हतं.

  चंद्रभान त्या चिखलाच्या ढिगाकडे पाहत होता, आणि वच्छला चंद्रभानकडे.

पाणी घरातून काय काय नेतं हे त्या पावसाळ्यात समजलं. भिंत एका संध्याकाळी गेली, पण जाणं पुढे दोन महिने चालू होतं. ओल्या मातीची भिंत पावसात उभी राहत नाही, म्हणून दसऱ्यापर्यंत थांबावं लागलं. तोवर तिघं ताडपत्रीच्या आडोशाला आणि अंजनाबाईच्या ओसरीत. कणगीतल्या ज्वारीला मोड आले. बिडीची पानं कुजली, म्हणजे अंजनाबाई आणि वच्छला मिळून वळायच्या ते कामही गेलं. पेटीतल्या लग्नाच्या लुगड्याचा रंग गादीला लागला आणि गादीचा वास लुगड्याला. वच्छलाला खोकला धरला तो हिवाळाभर सुटला नाही. आणि या सगळ्याचं मूळ होतं रोजचं दोन-चार बादल्या जास्तीचं पाणी, आणि कूलर नि भिंतीत चार बोटांची जागा न सोडणं. चंद्रभान हे कुणालाही सांगायचा, न विचारता सांगायचा. लाजेची गोष्ट तो अशी सांगत फिरतो, याचं गल्लीला नवल वाटायचं.

दसऱ्यानंतर त्याने भिंत बांधली. गुडघ्यापर्यंत विटांची, वर मातीची. पायाशी मुरूम घालून बाहेरच्या बाजूला उतार केला. कवेलूची कड हातभर पुढे काढली, म्हणजे पागोळ्या भिंतीवर न पडता लांब पडाव्यात. छप्पर पुन्हा चढवताना शिडीखाली प्रेमिला होती, आणि बाजेवरून सांगायला वच्छला.

त्या होळीला तो रामदासपेठेत गेला. कृष्णकांत बाबू दारं लावायला उठले.

"थांबा जी. आधी भिंती पाहू द्या."

"तू कवेलूचा माणूस. भिंतींशी तुझं काय?"

चंद्रभान खिडकीपाशी गेला. नव्या कूलरखालच्या भिंतीला तळवा लावला, डोळे मिटले. विटांचं, चुन्याचं, पक्कं घर होतं ते. त्याने अंगठ्याने दाबलं, तसा गिलाव्याचा ताटाएवढा फुगा गळून पडला. खिडकीच्या चौकटीला नख लावलं, नखाबरोबर उधई, म्हणजे वाळवी, बाहेर आली. चौकटीशेजारी भिंतीतलं कपाट होतं.

"यात काय आहे बाबू?"

"काही नाही. जुनी पत्रं." कृष्णकांत बाबूंचा तिखटपणा जरा कमी झाला. "बायकोची. मी अमरावतीला होतो तेव्हाची."

कपाट उघडलं. पत्रांचा गठ्ठा होता, पण आता ते एकच पत्र झालं होतं. विटेसारखं, निळसर, एका बाजूने उधईने खाल्लेलं. कृष्णकांत बाबूंनी वरचा कागद सोडवायचा प्रयत्न केला. तो शाईसकट बोटाला आला. ते खुर्चीवर बसले, आणि त्या दिवशी चंद्रभानला एकही टोमणा मिळाला नाही. चंद्रभानने कूलर भिंतीपासून ओढून लाकडी घोडीवर बसवला, खाली पत्र्याचं ताट ठेवलं, ताटाला नळी लावून बागेतल्या लिंबाच्या बुंध्याशी सोडली. निघताना कृष्णकांत बाबूंनी एक पंप त्याच्या हातात दिला. कुठून तरी दुरुस्त करून आणलेला, त्या जुन्या कूलरचाच.

"तो तेव्हाच दुरुस्त करून दिला असता तर," ते म्हणाले, आणि वाक्य तिथेच सोडलं.

त्या उन्हाळ्यात साठ-सत्तर घरांत ही बातमी झाली, की चंद्रभान आता भिंतीची नाडी पाहतो. कुणी हसलं, कुणी कुंड्या भिंतीपासून सरकवल्या, न्हाणीचं पाणी पायाशी मुरत होतं ते नालीत काढलं. इतवारीतल्या त्या दोन-तीन घरांपैकी एका घरी तो अंगणात उभा राहून म्हणाला, "माय, भिंतीले हात लावल्याबिगर मी छपरावर चढत नाही. ज्वारीच्या दाण्यानं हे काम होत नाही." घरातल्या म्हाताऱ्या बाईने थोडा वेळ विचार केला आणि दारातून बाजूला झाली. छप्पर गळतं त्यापेक्षा भिंत पडते याचं भय जास्त असावं. चंद्रभान चप्पल काढून आत गेला, भिंतींवरून हात फिरवला, आणि बाहेर आला. हे त्याने घरी सांगितलं तेव्हा वच्छला एवढंच म्हणाली, "आलं समजून घर?"

ब्याऐंशीचा नवतपा लागला. ठोकूनठाकून सरळ केलेला कूलर आता खिडकीबाहेर घोडीवर होता, भिंतीपासून बरोबर चार बोटं लांब. मधल्या फटीवर कोरडं पोतं टांगलं होतं, पाणी पंप चढवत होता, आणि उरलेलं नळीने गल्लीतल्या कडुलिंबाला जात होतं. बाज भिंतीपासून सरकवलेली होती. वच्छलाने हात लांब करून भिंतीला लावला.

तेवढ्यात चंद्रभान दारात आला. अंगावर कवेलूची लाल धूळ, बाराचे ठोके नुकतेच पडलेले.

"गरम आहे जी ही," ती तक्रारीच्या सुरात म्हणाली. "पहिले कशी थंड लागायची."

तो बाजेशेजारी जमिनीवर बसला. तिच्या हाताशेजारी आपला तळवा भिंतीवर ठेवला. भिंत तव्यासारखी तापली होती, आणि टणक होती. त्याने हात तसाच राहू दिला.

"आज कोणाचं घर होतं?" वच्छलाने विचारलं.

"महालातलं. त्या आपल्या..." त्याने वाक्य पुरं केलं नाही. ती ढिगावर पडली होती तेच घर, हे तिला कळलं.

"मंग इतक्या लवकर? झालं काम?"

"नाही."

"ओळ तरी पुरी करून आले का?"

"नाही," चंद्रभान म्हणाला. "अर्धीच आहे. ऊन उतरलं की जाईन."

आणि पंखा फिरत होता तिकडे त्याने तोंड केलं, गमछा काढला, आणि दुपार सरेपर्यंत तिथेच बसून राहिला.